हूक, रीळ आणि ठणठणीत कान

५ जानेवारी

दीर येऊन स्पष्टच बोलून गेले. "दादा, गाळा दोघांचा आहे. नुसती धूळ खायला ठेवायचा का? मार्चचा महिना मोजू. एकतीस दिवस, एकतीस मशीनं. तेवढी दुरुस्तीला आली तर दुकान तुझं, मी शब्द काढणार नाही. नाहीतर मला दे, मी मोबाइलची कव्हरं विकतो." गोड बोलून, चहा पिऊन गेले. चुकीचं काही बोलले नाहीत, हेच खुपतंय. डिसेंबरात शिलाई मशीनं आली सगळी मिळून नऊ. मी वहीत मांडते म्हणून मला माहीत.

ते गेल्यावर मी ओट्याशी भांडी घासता घासता अर्धा तास बोलत होते. दुकान गेलं तर हा माणूस दिवसभर करणार काय, हेच. शेवटी हे काय म्हणाले? "काही म्हणालीस का? इकडे बघून बोल की." चौतीस वर्षांच्या संसाराचं फळ!

७ जानेवारी

बहिणीची लेक कॉलेजसाठी आमच्याकडे असते. तिच्या तोंडाला कुलूप नाही. जेवताना म्हणाली, "मावशी, पाट्या आता कोण वाचतं? सगळे रील बघतात. काकांच्या कामाचे रील टाकू."

हे लगेच, "रीळ? कितव्या नंबरच्या दोऱ्याचं?"

आम्ही दोघी ठसका लागेपर्यंत हसलो. मग हेही हसले, जरा उशिरानं.

मी दोन अटी घातल्या. नवा फोन मिळणार नाही. माझ्या फोनची काच तडकली आहे, पण चित्र काही त्या काचेतून निघत नाही. आणि दुसरी – खोटं एक अक्षर जायचं नाही. देवापुढे रोज दिवा लावते मी, जगापुढे थापा मारायच्या नाहीत.

१० जानेवारी

भाची म्हणाली, पहिल्या तीन सेकंदांत हूक पाहिजे, नाहीतर लोक अंगठ्यानं पुढे सरकवतात. मी मुकाट्यानं डब्यातून ब्लाउजचे हूक काढून दिले, काळे आणि पांढरे दोन्ही. कॅमेऱ्यात कुठला उठून दिसेल कोणास ठाऊक! यांनी तर कडी केली. मशीनच्या पोटातला हूक सोडवला, रॉकेलनं धुतला, फडक्यानं पुसून टेबलावर मांडला.

भाचीनं कपाळाला हात लावला. "अहो, हूक म्हणजे लोकांना पकडून ठेवेल असं काहीतरी!"

"मग हा दुसरं काय करतो?" हे म्हणाले. "सुई खाली आली की हा दोरा पकडतो. क्षणभर चुकला की टाका सुटतो."

ती गप्प झाली. (नोंद घेण्यासारखी गोष्ट!) मग म्हणाली, "काका, हेच परत बोला. अगदी हेच."

झालं पहिलं रील. २१४ जणांनी बघितलं. मशीन आलं – एकही नाही.

१९ जानेवारी

रोज एक रील टाकायचं. एक दिवस खाडा केला की ते ॲप रुसतं म्हणे. सासरचं माणूस परवडलं. वर गाणं तेच लावायचं जे या आठवड्यात सगळे लावतात, पुढच्या आठवड्यात ते शिळं. इतकी कसली घाई? पोथीचं एक पान वाचायला मला पाच मिनिटं लागतात, इथं पंधरा सेकंदांत अख्खं मशीन उघडून बंद!

आजच्या गाण्यानं माझं डोकं उठलं. यांना काही त्रास नाही. फोन कानाशी वाजत होता तरी हे निवांत स्क्रू पिळत होते. स्थितप्रज्ञ माणूस.

२७ जानेवारी

लोक खाली प्रश्न विचारतात. उत्तरं मी लिहिते. खाती-वह्या लिहून अक्षराची सवय आहे, आता टायपाचीही झाली. नाव यांचं, बोटं माझी. "मी अठ्ठावीस वर्षं मशीन दुरुस्त करतो" असं लिहिताना मात्र बोट अडखळलं. यांना विचारलं, हे खोटं होईल का? म्हणाले, "माझ्याच मनातलं लिहितेस. मग खोटं कसलं?" तेवढं बरं वाटलं.

एक बाई रोज काही ना काही विचारतात. नावाजागी पोपटाचं चित्र आहे, म्हणून आमच्यात त्या पोपटवाली. तीन तासांच्या अंतरावर शिवणवर्ग चालवतात. आज विचारत होत्या, जाड कापडाला सुई का तुटते. यांना विचारून सविस्तर लिहिलं. त्यांनी उत्तर दिलं, "काका, इतक्या मायेनं आमच्या इथला मेकॅनिक बोलत नाही." मी फोनवरच नमस्कार केला. कुणी बघितलं नाही.

महिन्यात मशीनं चौदा.

५ फेब्रुवारी

आज घरात रामायण! भाचीची नवी कल्पना – लोकांनी आपल्या बिघडलेल्या मशीनचा आवाज पाठवायचा आणि काकांनी नुसता ऐकून रोग सांगायचा. छान आहे की! यांची ख्यातीच ती. पूर्वी गिऱ्हाईक दाराशी मशीन चालवायचं आणि हे आतूनच सांगायचे, "बॉबिनची पेटी सैल झालीय."

पण हे असे भडकले! "मी काय डोंबारी आहे? हे आवाजाचे खेळ माझ्याकडून व्हायचे नाहीत!" जेवणाचं ताट अर्धं सोडून उठले. पोरीच्या डोळ्यांत पाणी. मला काही कळेना. अन्न टाकणारा माणूस नाही हा.

८ फेब्रुवारी

तीन दिवस अबोला. आज सकाळी दिवा लावत होते तर मागे येऊन उभे राहिले. "करतो. पण तू शेजारी बसायचंस. तू नसलीस तर नाही."

"मला काय कळतं त्यातलं?"

"कळेल."

१४ फेब्रुवारी

लोकांना वेड लागलंय! चाळीस हजार जणांनी बघितलं. आमच्या अख्ख्या खानदानात मिळून एवढ्यांनी आमच्याकडे बघितलं नसेल.

फोन टेबलावर ठेवायचा, भाची आवाज लावते. हे फोनवर तळहात टेकवतात, डोळे मिटतात. मग माझ्याकडे तोंड करून विचारतात, "सांग, कसा वाटला?"

मी सांगते, "पत्र्यावर नख ओढल्यासारखा. सारखा नाही, थांबून थांबून."

"थांबून म्हणजे? दर टाक्याला?"

"नाही. चार-पाच टाके झाले की एकदा."

"मग पायाखालच्या मोठ्या चाकाशी तेल नाही. तिथंच घासतंय."

खाली लोक लिहितात, काका काकूंना किती छान शिकवतात! मलाही तसंच वाटतं. गुरुजींपुढे बसल्यासारखं. मॅट्रिकनंतर पुढं शिकायचं राहून गेलं होतं, ते या वयात सुरू झालं म्हणायचं. आता मला पंख्याचा आवाज आला तरी वाटतं, याच्या कुठल्या तरी जागी तेल नाही.

१ मार्च

मोजणीचा पहिला दिवस. दोन मशीनं. एक बाई रिक्षातून घेऊन आल्या आणि मशीनच्या आधी आमच्याबरोबर फोटो काढला! मी साडीही धड नेसले नव्हते.

१५ मार्च

सतरा.

दीर येऊन गेले. "वहिनी, दादा तर हिरो झाला! माझ्या बायकोच्या मैत्रिणी मला ओळख सांगायला लावतात." मनापासून बोलले. वाईट माणूस नाही, त्यांनाही दोन मुलं आहेत.

२२ मार्च

पंचवीस झाली. आज मात्र देवाचं नाव घ्यायलाही मन होईना, असा दिवस.

भाचीनं लाइव्ह ठेवलं होतं. म्हणजे जे घडेल ते तिथल्या तिथे सगळ्यांना दिसतं, नंतर काटछाट नाही. मी शेजारी बसलेच होते. मध्येच गॅस सिलिंडरवाला आला. तो परत गेला तर चार दिवस चूल बंद, म्हणून उठले. पाच मिनिटं. फक्त पाच मिनिटं!

तेवढ्यात भाचीनं प्रश्न वाचला, "काका, दाते बदलावे लागतील का?" कापड पुढे सरकवणारे दाते. हे म्हणाले, "पातं बदलू नका, धार लावून देतो." लोक हसले. मग कुणा टवाळानं आवाज पाठवला. यांनी नेहमीसारखा हात टेकवला, वळून माझी जागा बघितली. जागा रिकामी. जरा थांबून म्हणाले, "शटलमध्ये, खाली बॉबिनपाशी, दोरा अडकलाय."

तो मिक्सरचा आवाज होता. चटणी वाटत होते मेले!

मी आले तेव्हा फोनवर नुसती हसरी तोंडं वाहत होती. हे तसेच बसले होते, हात टेबलावर.

२३ मार्च

"बहिरे काका." "मिक्सरमध्ये शटल!" "इतके दिवस सगळं आधी ठरवून करत होते." कुणीतरी कापून त्याचंच रील केलंय, त्याला आमच्यापेक्षा जास्त लोक. चांगलं पोचवायला दोन महिने लागले, हे एका दिवसात पोचलं.

मला राहवलं नाही. यांना न विचारता यांच्या नावानं लिहिलं – "माझे कान ठणठणीत आहेत. अठ्ठावीस वर्षं या कानांवर घर चाललंय. म्हाताऱ्या माणसाची चेष्टा करणाऱ्यांनी लाज बाळगावी." सगळ्यात वर राहील असं भाचीकडून लावून घेतलं.

मग यांच्यावरच चिडले. "लक्ष कुठं होतं तुमचं?" खिडकीकडे तोंड करून बसले होते. वळलेसुद्धा नाहीत.

२६ मार्च

तीन दिवसांत एकही नाही. दुरुस्तीला आलेलं एक परत घेऊन गेले, ते वहीतून खोडलं. चोवीस.

पोपटवालीही गप्प आहेत.

२९ मार्च

सकाळी हे वही-चष्मा घेऊन माझ्यासमोर बसले. अगदी समोर. म्हणाले, "ते ठणठणीत कानांचं वाक्य तेवढं पूस. खोटं एक अक्षर जाणार नाही, म्हणाली होतीस ना?"

डावा कान दोन वर्षांपूर्वीच गेला. उजव्यात जेमतेम उरलंय. ज्याला मशीन ऐकू येत नाही त्याच्याकडे मशीन कोण देणार, म्हणून बोलले नाहीत. मशीनची थरथर हाताला कळते, बाकीचं माझ्या तोंडून.

म्हणजे रीळ. म्हणजे ओट्याशी केलेली माझी बडबड. म्हणजे "इकडे बघून बोल." आणि मी स्वतःला शिष्या समजत होते!

मी वाक्य पुसलं. भाचीनं तिथंच नवं रील काढलं, गाणं न लावता. पहिले तीन सेकंद नुसता यांचा तळहात, चालत्या मशीनवर. मग हे बोलले, "मला ऐकू येत नाही. ऐकते ही, दुरुस्त करतो मी." बस. आता दोन दिवसांत दुकान जायचं असेल तर जाऊ दे, पण खरं सांगून जाईल.

दुपारी पोपटवालींचं आलं – "वर्गातली मशीनं टेम्पोत घालून उद्या घेऊन येते. दोघंही असाल ना?"

किती मशीनं, ते लिहिलेलं नाही. मीही विचारलं नाही.

लिहिलं – असू.