माझ्या मालकीची जाड तार

मंगळवार, दिनांक ९ ऑक्टोबर १९८४, सायंकाळी पाच वाजून चाळीस मिनिटे. वाशीतील एका सोसायटीच्या गच्चीच्या जिन्यात, मेन स्विचखाली उलट्या बादलीवर बसून, माझ्या शरीरातून किती करंट जाईल याचे गणित करीत असताना मी हे मृत्युपत्र लिहायला घेतले.

मी कमळाकर किसन मढवी, वय बावीस, राहणार पावणे, शिक्षण नववी (गणितात पास), काम वायरमनचा मदतनीस. मी पूर्ण शुद्धीवर आहे आणि हा कागद कोणाच्याही दडपणाखाली लिहीत नाही. स्विच मात्र दडपणाखालीच चालू करायचा आहे.

कारण असे. आज कोजागिरी. सेक्रेटरी श्री. श्यामसुंदर चित्रे यांनी गच्चीवर हजार वॅटचे चार हॅलोजन आणि दूध आटवायला दीड हजार वॅटच्या दोन शेगड्या लावल्या आहेत. मी म्हणालो, "साहेब, आज चांदण्यात बसायचे असते." ते म्हणाले, "शेजारच्या बिल्डिंगने गेल्या वर्षी दोन हॅलोजन लावले. आपले चार. चंद्र काय, सगळ्यांनाच फुकट दिसतो."

एकूण सात हजार वॅट. भागिले दोनशे तीस व्होल्ट, म्हणजे तीस अँपियर. फ्यूज पंधराचा. काल तालमीत तो दोनदा उडाला. साहेब म्हणाले, "तूच सांगितलंस ना, जाड तारेला रोध कमी? मग जाड घाल. रोध कमी, कटकट कमी. टेन्शन कशाला घेतोस?" मी तांब्याची जाड तार घातली. आता फ्यूज उडणार नाही. त्याच्याऐवजी कोण उडणार, एवढेच ठरायचे आहे. गच्ची नुकतीच धुतली आहे. ओल्या माणसाचा रोध हजार ओहम धरला, तर पाव अँपियरपेक्षा थोडा कमी करंट जातो. माणूस मरायला तेवढा पुष्कळ आहे.

सबब, माझ्यामागे व्यवस्था अशी:

१. घर वडिलांचे आहे. शेत होते, त्याच्यावर आता कारखाना आहे, तिथे मी वायरमनच्या हाताखाली कामाला जातो. त्यामुळे स्थावर काही नाही.

२. पोस्टातली बचत आई मालतीबाई हिला. दुपारी मी मृत्युपत्राचे बोललो, तेव्हा ती म्हणाली, "बाला, मेल्यावर वाटायला तुझ्याजवळ हाय तरी काय?" तिने पासबुक पाहावे.

३. टेस्टर आणि पक्कड बहीण मीना हिला. ती ट्रान्झिस्टर उघडते आणि पुन्हा जोडते, आणि तो वाजतो. माझा वाजत नाही.

४. रबरी चपला स्विच चालू करताना माझ्या पायात असतील. उपयोग झाला नाही असे दिसल्यास दुकानदाराला परत कराव्यात.

५. श्री. चित्रे यांना माझ्याकडून काही नाही. तारेचा सव्वा रुपया मागितला तर "बिल आण, मग मीटिंगमध्ये ठेवू" म्हणाले.

६. वायरिंग. ही माझी नाही, पण लिहिणे भाग आहे. तळमजल्यापासून गच्चीपर्यंतच्या वायरीचा रोध मी अर्धा ओहम मोजला आहे. तीस गुणिले तीस, नऊशे. त्याचे अर्धे साडेचारशे वॅट. म्हणजे शंभराचे साडेचार बल्ब भिंतीच्या आत पेटल्यासारखे. दुसऱ्या मजल्यावर त्या भिंतीला सुचित्राताईंच्या बाळाचा पाळणा टेकलेला आहे. कालच मी तो सरकवून बोर्ड बसवला.

हे गणित मी तीनदा केले. मी इतका वेळ चुकीच्या माणसाचे मृत्युपत्र लिहीत होतो.

साक्षीदार म्हणून वॉचमन मारोती यांना बोलावले. त्यांनी सगळे वाचून विचारले, "ह्या तारेचं काय? ती कुनाला?"

"ती फ्यूजमध्ये आहे."

"पैसे दिले का सोसायटीनं?"

"नाही."

"मग तुझीच की रं!"

साहेबांना नाही म्हणण्याची हिंमत माझ्यात नव्हती, आजही नाही. पण मिळकतीची यादी अपुरी ठेवणे बरोबर नाही. म्हणून मेन बंद करून मी तार काढली आणि या कागदाला दोऱ्याने बांधली.

७. सदर तार श्री. चित्रे यांना, माझ्या मृत्यूनंतर. तोपर्यंत ती माझ्याजवळ राहील. फ्यूजमध्ये पंधराचीच तार घातली आहे. तिच्यावर तीन हॅलोजन चालतात, त्यांच्याबरोबर शेगडी एकही नाही.

साहेब वरून ओरडत आहेत, "कमळाकर, चार म्हणजे चार! नाहीतर एकही नको!" त्यांच्या इच्छेला मान देऊन एकही लावलेला नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या विमलबाईंनी दूध आटवायला रॉकेलचा स्टोव्ह आणला. सुचित्राताई बाळाला घेऊन वर आल्या आहेत आणि "दुधात चंद्र पडला, या बघायला!" असे सांगत आहेत.

मरणाची घाई आता उरलेली नाही. तरी कागद वाया जाऊ नये म्हणून सही करीत आहे.

सही: कमळाकर किसन मढवी
साक्षीदार: १. मारोती, वॉचमन २. सुचित्रा, दुसरा मजला (बाळ कडेवर असल्याने सही वाकडी)
स्थळ: वाशी, गच्चीचा जिना. दिनांक वरीलप्रमाणे.

खर्च: तार सव्वा रुपया, कागद चार आणे.
देणे: काही नाही.
येणे: तार परत मिळाल्याने सोसायटीचा हिशेब मिटला. एक पेला मसाला दूध येणे आहे. साहेबांनी ते मीटिंगमध्ये ठेवले आहे.