पट्टीवरचा चेंडू

बालाजी घाट, वाराणसी
९ नोव्हेंबर १९९६

प्रिय बिंदुमाधव,

तुझं दिवाळीचं पत्र पोचलं. नागपुरात अजून थंडी नाही म्हणतोस. इथे पहाटे स्नानाला उतरलो की पलीकडचा काठ दिसत नाही. तुझी आई बरी आहे. गुडघे धरत का होईना, आरतीला येते आणि मला हटकते, "काय रे ढुंढिराज, आमचा बिंदू तुलाच पत्रं लिहितो, आईला नाही?"

माझ्यावर एक काम आलं आहे. आपल्या शेठजींची नात मालविका महिन्यापूर्वी घरी आली होती. आजोबांनी भरवलेल्या टेनिस स्पर्धेचा इतिहास तिला छापायचा आहे, आणि तो मी लिहायचा. मी म्हटलं, बाई, मी खेड्यातल्या शाळेत शिकलेला, पाठशाळेत संस्कृत शिकवणारा माणूस. ती हसून म्हणाली, "पंडितजी, सोलहों साल लाइन पर आप ही तो बैठे थे."

म्हणून लिहायला बसलो. उघड्यावर खेळावं तर जानेवारीत कोहरा इतका, की जाळीपलीकडचा माणूस दिसेना. आणि ऊन पडलं की माकडं चेंडू पळवत. शेवटी १९७५ साली शेठजींनी आपलं धान्याचं गोदाम रिकामं केलं, काथ्याची चटई अंथरली आणि छपराखाली पुरुषांची व्यावसायिक स्पर्धा सुरू केली. लखनौ, कलकत्त्याहून खेळाडू येत. वीज गेली की अंधारात कोणीतरी ओरडायचंच, "गेंद पकड़े रहना भइया, बंदर अंदर भी हैं!" १९९० च्या पावसाळ्यात शेठजी गेले. मुलांनी तिथे लग्नाचा हॉल केला आणि स्पर्धा संपली. चटई मांडवात पंगतीखाली गेली.

मला त्यांनी कोर्टाच्या कडेच्या पट्टीपाशी बसवलं ते खेळ कळतो म्हणून नव्हे. रोज संध्या करणारा माणूस खोटं सांगणार नाही, एवढाच त्यांचा विश्वास. माझं काम सोपं होतं. चेंडू बाहेर पडला तर 'आउट' ओरडायचं. आत किंवा पट्टीवर पडला तर तोंड उघडायचं नाही, फक्त दोन्ही तळवे जमिनीकडे करून हात पुढे धरायचे.

बाकीची वर्षं लिहून झाली. १९८७ पाशी आठ दिवस अडलो होतो.

त्या वर्षी अंतिम सामना तुझा आणि रामनगरच्या शिवरामचा होता. तिसरा सेट, तुला जिंकायला एकच गुण हवा. शिवरामने मारलेला चेंडू माझ्या पट्टीवर पडला, बिंदू. पांढऱ्या पट्टीवर, माझ्यापासून दोन हातांवर. इतकी वर्षं मी तोंड बंद ठेवलं होतं, पण तुला मी घाटावर खेळताना पाहिलेलं, स्तोत्रं शिकवलेली. तूच जिंकावंस असं मनात इतकं दाटलेलं, की चेंडू आत पडलेला पाहून जीव हळहळला आणि घरातला शब्द तोंडातून निघाला. मी ओरडलो, "आत!" उंच खुर्चीवरच्या पंचांना मराठी कुठून येणार? त्यांना 'आउट' ऐकू आलं. त्यांनी सामना तुला दिला.

मी हात पुढे धरले, तळवे खाली. कोणी पाहिलं नाही. लोक तुझ्याकडे धावत होते. तू मात्र त्या गर्दीतून माझ्याकडे पाहिलंस. मग मी हात मागे घेतले. त्या विजेतेपदावर तुला नागपुरातली प्रशिक्षकाची जागा मिळाली, तुझा संसार उभा राहिला. मी दररोज देवापुढे बसलो, आणि हे सोडून सगळं त्याला सांगितलं.

परवा शिवरामकडे जुना फोटो मागायला गेलो. रामनगरच्या बाजारात तो रॅकेटना तारा ओढून देतो. चहा पाजला. मग हातातलं काम न थांबवता म्हणाला, "पंडितजी, एक बात बताइए. मैंने तो उसे लाइन पर देखा था. आप कभी झूठ नहीं बोलते, तो मेरी ही आँख ग़लत होगी. उसके बाद हर गेंद पर शक होने लगा, इसीलिए छोड़ दिया." त्याच्या आवाजात राग नव्हता. मी इतिहासात सगळं लिहीन एवढंच पुटपुटलो आणि फोटो न घेताच उठलो.

म्हणून हे पत्र. विजेता म्हणून तुझंच नाव राहील. पंचांचा निर्णय मी बदलू शकत नाही. पण चेंडू आत पडला होता, मी 'आत' म्हणालो होतो आणि पुढे गप्प राहिलो, हे मी माझ्या नावाने लिहिलं आहे. छापण्याआधी शिवरामला स्वतः वाचून दाखवणार आहे. तुला माझं 'आत' ऐकू आलं होतं का, हे मी लिहिलेलं नाही, आणि लिहिणारही नाही. ते सांगायचं की नाही, हे तुझ्याकडे. रविवारी, २४ तारखेला, सकाळी आठ वाजता रामनगरला जायला नाव ठरवली आहे. नावाड्याला दोन माणसं सांगितली आहेत.

तुझाच,
ढुंढिराज