कॅलेंडरच्या मागचं सूत्र

२ मार्च, रविवार

ऐंशीपैकी एकोणीस! आमच्या गार्गीला, गणितात! अकरावी सायन्सला प्रवेश मिळाला तेव्हा सुनेने, शुभाने, अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले होते. आज तीच क्लासच्या सराव परीक्षेचा पेपर मांडीवर घेऊन बसली होती, घरात कोणी गेल्यासारखी.

पास व्हायला अठ्ठावीस लागतात. वार्षिक परीक्षा सत्तावीस तारखेला. त्यात आपटली तर सायन्स सोडा, कॉमर्सला जा — कॉलेजने आधीच सांगून ठेवलंय. नातीला इंजिनीअर व्हायचंय!

बरं, येत नाही म्हणावं तर तसंही नाही. जेवढं सोडवलं तेवढं सगळं बरोबर. पण अर्धा पेपर कोरा. क्लासच्या नंदकिशोर सरांचा फोन आला — "आजी, ती सूत्र वापरायचं सोडून ते कुठून आलं ते काढत बसते. तीन तासांत कोण विचारतंय तिला?"

मला सरांचं पटलं. मी चौथी शिकले. तीसपर्यंत पाढे, पावकी, निमकी अजून तोंडावर आहेत. बे दुणे चारच का, असं कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर गुरुजींनी हात सोलला असता.

४ मार्च, मंगळवार

कार्टी वाद घालते.

"आजी, घोकलेलं निसटतं गं. आपण काढलेलं राहतं."

"राहतं ना! पेपर कोरा राहतो."

"तू प्रेमाकाकूंचा ब्लाऊज छातीच्या चौथ्या भागावर कापतेस का?"

खालच्या मजल्यावरची प्रेमा. तिचा एक खांदा उतरलेला. चाळीस वर्षं ब्लाऊज शिवतेय, छातीचा चौथा भाग अधिक दीड इंच मी झोपेतही सांगेन. पण प्रेमाला ते चालत नाही. तिच्यासाठी दरवेळी पेपर लावून नव्याने काढावं लागतं. हे हिला बरोबर ठाऊक!

"मला तीन तासांत ऐंशी ब्लाऊज कापायचे नसतात," म्हटलं.

जिंकले.

५ मार्च, बुधवार

तो पॅराबोला म्हणजे आहे तरी काय, म्हटलं, दाखव एकदा. माझा खडू, माझा टेप आणि कापायला आणलेलं वर्तमानपत्र घेऊन बसली. एक ठिपका दिला. त्यापासून थोडी लांब एक सरळ रेघ. म्हणे, असं ठिकाण शोध की जिथून ठिपका जेवढा लांब तेवढीच रेघ लांब. मी टेप लावून शोधत गेले. इथे एक खूण, तिथे एक. वीसेक खुणा झाल्या, जोडल्या — तर यू गळा! इतका सुबक की कातरी लावावीशी वाटली.

"बघ, बाकी सगळं यातूनच निघतं," म्हणते.

छान आहे. खोटं कशाला बोलू. पण परीक्षेत टेप घेऊन जाणार आहे का ही?

६ मार्च, गुरुवार

आज कामाला लागले. तिची ती सूत्रं काढत बसायची वही कपाटात कटपीसांखाली टाकली, कुलूप घातलं. गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचं पान उलटं करून त्यावर सरांनी दिलेल्या कागदावरची सूत्रं स्केचपेनने उतरवली. "मी लिहिते" म्हणत होती. नको गो बाय! तू लिहायला घेतलंस की पुन्हा काढत बसशील.

इंग्रजी मला वाचता येत नाही. पण उतरवता येतं. गळ्याच्या डिझाइनी बघून उतरवते, हे काय मोठं! सरांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. एके ठिकाणी तर उगाच रेघोटी ओढलेली. मी सगळं स्वच्छ करून लिहिलं.

ओट्यावर भिंतीला चिकटवलं. भांडी घासताना म्हणायचं, कणीक मळताना म्हणायचं.

१२ मार्च, बुधवार

कोबी चिरून होईपर्यंत सातही सूत्रं! एकदासुद्धा अडखळली नाही.

२१ मार्च, शुक्रवार

क्लासच्या परीक्षेत सेहेचाळीस. पेपर पूर्ण! पॅराबोला त्यात नव्हता, पण त्याला काय. सर म्हणाले, "आजी, तुम्हीच क्लास काढा." शुभाने मला विचारलं, "आई, आज जेवायला काय करू?" लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा!

२७ मार्च, गुरुवार

पोरगी परीक्षेहून आली ती तोंड पाडून. चार गणितं राहिली म्हणे. का? तर पॅराबोलाच्या गणिताला सूत्र लिहिलं, खोडलं, आणि मुळापासून काढत बसली! पंधरा मिनिटं त्यातच!

मी फाडफाड बोलले. वीस दिवस घसा कोरडा केला तो कशासाठी? तुला घरच्यांचं ऐकायचंच नाही!

शुभा म्हणाली, "अगं पण आजींनी पाठ करून घेतलं होतं ना?"

गार्गी ओट्यापाशी उभं राहून पाणी प्यायली. भिंतीवरच्या कागदाकडे बघत होती. म्हणाली, "घाईत माझंच चुकलं."

३० मार्च, रविवार

पाडवा. गार्गीशी तीन दिवस बोलले नाही. श्रीखंड वाढलं, तेवढं पुरे.

२ मे, शुक्रवार

एकतीस! पास!! कशीबशी, पण पास. सायन्स राहिलं. शुभा रडली. मी नाही.

गार्गीला म्हटलं, ऐकलं असतंस तर पन्नास पडले असते. नुसती हसली.

३ मे, शनिवार

कॉलेजात पेपर दाखवले. शुभाने मोबाइलवर फोटो काढून आणले. पॅराबोलाचं गणित — चारपैकी चार. वर खोडलेलं सूत्र. खाली ठिपका, रेघ, आणि तिने काढलेलं सूत्र. दोन्ही सारखीच दिसत होती. फक्त खालच्यात अक्षराच्या आधी एक आडवी रेघ.

सरांचा कागद शोधला. त्यात आहे ती रेघ. भिंतीवर नाही.

सुनेला विचारलं, रेघ नसली तर काय होतं? म्हणाली, "ती वजाची खूण, आई. ती नसली तर ठिपका त्या लांबच्या सरळ रेघेवरच येतो."

ठिपकाच रेघेवर बसला तर गळा निघणार कुठून!

एकतीसातून चार गेले की सत्तावीस. पासाला एक कमी.

स्केचपेन घेतलं. भिंतीवरच्या कागदावर जिथे हवी होती तिथे रेघ ओढली. मागून गार्गी — "आता कशाला गं आजी?"

"गप. कपाटाची किल्ली डब्यात आहे. तुझी वही काढून घे."