स्टूल कोणाच्या वाट्याला

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, धंदा मोटर वाइंडिंगचा, म्हणजे जळालेल्या मोटरींना नवी तार भरण्याचा, वय सत्तरीच्या थोडे पलीकडे, राहणार दुकानाच्याच वरच्या मजल्यावर, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. पत्नी म्हणाली, "त्यांनी तुमचा रक्तदाब बघितला. डोकं कधी बघितलं?" हा आक्षेप नोंदवून पुढे जातो. मला कोणी धाक घातलेला नाही की भरीस पाडलेले नाही. भरीस पडून आयुष्यात जे केले, ते कलम तीनमध्ये येईलच.

कलम १. यापूर्वी मी एक मृत्युपत्र करायला घेतले होते, ते रद्द समजावे. त्यात वाटणीला कर्जाशिवाय काहीच निघाले नाही. वकील म्हणाले, "हे कोणी घेणार नाही हो." त्यांची फीसुद्धा मी उधार ठेवली होती. ती पुढे दिली.

कलम २. घराची इमारत: तळाला दुकान, पहिल्या मजल्यावर आम्ही नवरा-बायको, दुसऱ्यावर मुलगा आणि सूनबाई. ही संपूर्ण इमारत मी पत्नीला देतो. गहाण पडलेली इमारत तिने सोडवली. माझा वाटा ती गहाण टाकण्यापुरता होता. तिच्या पश्चात ती मुलाची. मात्र तिच्या हयातीत कोणीही तिच्यापुढे कागद धरून "इथं नुसती एक सही कर" असे म्हणू नये. ते वाक्य मी एकदा वापरलेले आहे. त्याच्यासारखे दुसरे वाक्यही शोधू नये.

कलम ३. दुकानाच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवलेले मोठे काचेचे दार, पितळी मुठीसकट, मी माझ्या मेहुण्याला देतो. त्याच्यावर त्याचा हक्कच आहे. चार लोकांत नाव व्हावे अशी मला तेव्हा फार हौस होती आणि मेहुण्याला ती बरोबर दिसली. "दाजी, किती दिवस ग्रीसमध्ये हात घालणार? बाजारात दुसरं दुकान टाका. काचेचं दार लावा, एसी लावा, गिऱ्हाईक आपोआप येईल." गिऱ्हाईक आले. काचेत बघून भांग नीट करून पुढे गेले.

ते दुकान चालावे म्हणून कर्ज काढले. कर्जाचा हप्ता भरायला कार्ड घेतले, कार्डाचे भरायला दुसरे कार्ड, आणि दोन्ही कार्डांसाठी एका हसतमुख माणसाकडून आणखी एक कर्ज. स्क्रू-ड्रायव्हरचे टोक मोटरीला टेकवून त्याची मूठ कानाला लावली, की आत कोणते बेअरिंग गेले ते मी भर रस्त्याच्या गोंगाटात सांगतो. गिऱ्हाइके मला डॉक्टर म्हणत. माझी स्वतःची मोटर करकरत होती तेव्हा डॉक्टर कानात बोटे घालून बसले होते.

कलम ४. न्हाणीघराचा नळ कोणालाही देता येत नाही, तो भिंतीत आहे. पण त्याचा उल्लेख राहू नये. वसुलीचा फोन आला की मी न्हाणीघरात शिरायचो, कडी लावायचो, नळ पूर्ण सोडायचो आणि मग बोलायचो. पत्नी विचारायची, "दिवसातून इतक्यांदा आंघोळ करता, मग अंगाचा ग्रीसचा वास जात कसा नाही?" मी म्हणायचो, "धंदा जोरात आहे." हे उत्तर त्या प्रश्नाचे नव्हते, हे तिला कळले आणि मला कळले नाही.

एका सकाळी मी "साहेब, सोमवारी नक्की, अगदी नक्की" असे म्हणत असताना नळाने एक उचकी दिली आणि तो बंद पडला. तिने गच्चीवर जाऊन टाकीचा कॉक फिरवला होता. माझा "नक्की" त्या रिकाम्या न्हाणीघरात असा घुमला की मलासुद्धा त्याचा भरवसा वाटला नाही. दाराबाहेरून ती म्हणाली, "सोमवारी काय देणार आहात ते मलाही सांगा. आणि बाहेर या आता, पाणी गेलंय."

मी बाहेर आलो. अंग कोरडे होते, डोळ्यांबद्दल काही लिहीत नाही.

कलम ५. सुट्या भागांचे लोखंडी कपाट, सर्व ड्रॉवरांसह, सूनबाईला देतो. ज्या दिवशी पाणी गेले त्याच आठवड्यात काचेचे दुकान बंद झाले आणि पत्नीने हे कपाट ताब्यात घेतले. कमाई आली की तिथल्या तिथे तिची वाटणी व्हायची: "बेअरिंग" लिहिलेल्या ड्रॉवरात हप्ता, "कार्बन ब्रश"मध्ये किराणा, "कपॅसिटर"मध्ये वीज आणि फोन, "वॉशर"मध्ये माझा हातखर्च. चोराला कळू नये म्हणून पाट्या तशाच ठेवल्या होत्या. चोराला कळले नाही. मलाही एकदा कळले नाही, आणि घाईच्या वेळी एका गिऱ्हाइकाला मी महिन्याचा किराणा पुडीत बांधून दिला. तो भला माणूस संध्याकाळी परत आला आणि म्हणाला, "डॉक्टर, हे ब्रश माझ्या ड्रिलला बसत नाहीत." तेव्हापासून किराण्याचा ड्रॉवर "फुटके भाग" झाला.

सूनबाईने पाट्या बदलू नयेत. ड्रॉवर रिकामा झाला की महिना तिथे संपला. शेजारच्या ड्रॉवरात हात घालायचा नाही. मी घालायचो. कपाट पत्र्याचे आहे, आवाज करते, आणि घरात माझ्याइतके तीक्ष्ण कान असलेली आणखी एक व्यक्ती आहे.

कलम ६. आता स्टूल. दिसायला तीन पायांचे साधे लाकडी आहे, पण या घरातली सर्वात महाग वस्तू तीच.

शेजारी शिलाईवाल्या वहिनी राहतात. त्यांचे यजमान जाताना त्यांना दोन शिलाई मशिने आणि त्या दोन्हींचे कर्ज देऊन गेले. पत्नीने आमची कथा त्यांना सांगितली तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्या म्हणाल्या, "बरं झालं, आता सोबत झाली." मग ठरले: दर शनिवारी दुकान बंद झाल्यावर तिघांनी जमायचे. प्रत्येकाने स्टुलावर उभे राहून तीन गोष्टी मोठ्याने सांगायच्या. आठवड्यात काय घेतले, काय घ्यावेसे वाटते आहे, आणि कोणाचे किती फेडले. एकमेकांना उसने पैसे द्यायचे नाहीत, काहीही झाले तरी. शाबासकी हवी तेवढी द्यायची.

बसून माणूस काहीही दडपून बोलतो. स्टुलावर उभे राहिल्यावर डोके पंख्याजवळ जाते आणि माणूस थोडक्यात बोलतो.

मी एकदा वर चढून म्हणालो, "मला नवा फोन घ्यावासा वाटतोय."

वहिनी म्हणाल्या, "भावोजी, जुन्यावर वसुलीवाले नीट ऐकू येत नाहीत का?"

पत्नी म्हणाली, "पुढच्या शनिवारीही वाटलं तर बघू." पुढच्या शनिवारी वाटले नाही. असे मी फोन, बूट, दोन घड्याळे आणि एक मोटरसायकल यांच्यातून वाचलो.

वहिनी स्वतः एकदा वर चढल्या आणि आधी पंख्यावरची धूळच पुसत बसल्या. शेवटी म्हणाल्या, "या आठवड्यात काहीच भरता आलं नाही. गिऱ्हाइकानं पैसे बुडवले." आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या. त्या चिडल्या, "टाळ्या कसल्या?" पत्नी म्हणाली, "लपवलं नाहीत त्याच्या." त्या स्टुलावरच रडल्या आणि मग उतरून चहा केला.

हप्ता भरला की दुकानातली सर्वात मोठी मोटर मिनिटभर नुसतीच फिरवायची, असा आमचा रिवाज होता. शेवटचे कर्ज फिटले तेव्हा मी सगळ्या मोटरी एकदम लावल्या. गल्लीचा फ्यूज उडाला. तो बसवायला आलेला खर्च पुढच्या शनिवारी मला स्टुलावरून जाहीर करावा लागला.

कलम ७. बँकेतील ठेव. या कलमासाठी हे सगळे मृत्युपत्र लिहायला घेतले.

गेले काही आठवडे वरच्या मजल्यावर नळ वाहतो. बादलीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज बादली भरत जाते तसा चढत जातो. अंगावर घेतलेले पाणी तुटत तुटत पडते. हा नळ एका सुरात सरळ मोरीत पडतो, आणि त्याच्या मागून "साहेब, सोमवारी" असे ऐकू येते. मुलाने वरच्या खोलीत छपाईचे काम सुरू केले आहे आणि मोठे मशिन आणले आहे. जिन्यात मी त्याला विचारले, "सगळं ठीक ना रे?"

"एकदम, बाबा! धंदा जोरात आहे."

सूनबाई बिचारी म्हणाली, "हल्ली ह्यांना फार उकडतं."

मी गुपचूप बसून या कलमात लिहिले, की माझ्या मृत्यूनंतर संपूर्ण ठेव मोडून मुलाचे कर्ज फेडावे. स्वतःवर फार खूश झालो. पत्नीला वाचून दाखवले. ती म्हणाली, "छान. म्हणजे तोवर पोरानं काय करायचं? फोन वाजला की तुमच्या मरणाची वाट बघायची?"

मी तो कागद फाडला. आता असे लिहितो: मुलगा स्वतःच्या कमाईतून दरमहा जेवढे फेडेल, तेवढीच रक्कम ठेवीतून त्यात घालावी, पैशाने कमी नाही की जास्त नाही. ज्या महिन्यात तो नवे कर्ज काढेल, त्या महिन्यात काही नाही. हे कलम मी मरायची वाट न पाहता लागू होईल. उरलेली ठेव पत्नीची. अंमलबजावणी शिलाईवाल्या वहिनींकडे सोपवतो; त्यांना कोणी गुंडाळू शकत नाही, मी बराच प्रयत्न केलेला आहे.

कलम ८. स्टूल मुलाच्या वाट्याला. एक पाय जरा आखूड आहे. दुरुस्त करू नये, डुगडुगत असले की माणूस सावध बोलतो.

हे मृत्युपत्र आज शनिवारी, दुकान बंद झाल्यावर, मी स्वतः स्टुलावर उभा राहून सर्वांसमक्ष वाचणार आहे. त्याआधी वरचा नळ सुरू झाला, तर गच्चीवर जाऊन टाकीचा कॉकही मीच बंद करणार आहे. गुडघे नको म्हणतात. त्यांचे मत विचारलेले नाही.

ठिकाण: दुकान, लोखंडी कपाटासमोर.
दिनांक: महिन्याचा पहिला शनिवार, वाचन झाल्यानंतर.

लिहून देणार: मोटर वाइंडिंगवाला (सही)

साक्षीदार पहिले: रक्तदाब बघणारे डॉक्टर (सही)
साक्षीदार दुसरे: समोरचे सायकल दुरुस्तीवाले (सही)
जबाबदारी मान्य: शिलाईवाल्या वहिनी (सही)

पत्नीला वाटा मिळत असल्याने तिने साक्षीदार होऊ नये, असे वकील म्हणतात. सगळे तिनेच बघितले आहे, तरीही.

वाचनानंतर मुलाने स्वतःच्या हाताने लिहिले ते असे:

"चार ठिकाणचं देणं आहे. चारही आकडे स्टुलावरून सांगितले, आईनं ड्रॉवर वाटून दिले, हिनं बेअरिंगचा स्वतःकडे घेतला. काचेचं दार मामाला देऊ नका, तो ते मलाच विकेल, अर्धं बोलणं झालंय. आणि बाबा, तुम्ही आज कॉक बंद केलात तेव्हा मी खरोखर आंघोळ करत होतो. डोक्याला साबण होता. पण खाली आलोच होतो, तर म्हटलं सांगून टाकावं."