माझ्या मापाचा व्यायाम

ती. ताईस,

तुझ्या धाकट्या शिंपीभावाचा साष्टांग नमस्कार. (शब्दापुरताच घे. खरोखर घालायला गेलो तर आठही अंगांआधी पोटच टेकतं.) ऑपरेशन झालेला पाय कसा आहे? वॉकरशी जमलं, की त्यालाही धाकात ठेवलं आहेस?

आठ महिने मी भेटायला आलो नाही आणि दर वेळी फोनवर दुकानातली गर्दी सांगितली, ते साफ खोटं होतं. तुझ्या चौथ्या मजल्याची मला धास्ती होती. पूर्वी तूच खाली यायचीस, म्हणून माझं बिंग फुटलं नाही. इतरांची पँट घट्ट झाली की ते शुद्धीवर येतात. मी पडलो शिंपी! जरा आवळलं की कंबर बोटभर उसवून घ्यायची. दहा वर्षांत माझी एकही पँट मला घट्ट झाली नाही. शेवटी शिवणीत राखलेलं जादा कापडच संपलं, तेव्हा डॉक्टर गाठला.

लठ्ठपणा हा आजार आहे, गुन्हा नव्हे, असं डॉक्टर म्हणाले (तुझ्या भावजयीसमोर मी ते त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं). औषध दिलं, जेवणाचा तक्ता दिला, व्यायाम करा म्हणाले. मी शेजारच्या काडीपहिलवान न्हाव्याबरोबर पळायला लागलो आणि तिसऱ्या दिवशी गुडघा धरून बसलो. मग डॉक्टरांनी व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे धाडलं. वयाने माझ्या लेकीएवढ्या, पण नजर थेट तुझी. तासभर त्यांनी गुडघे, दम, कामाची बैठक, सगळं तपासलं. दुसऱ्याच्या मापाचा कोट तुम्ही गिऱ्हाइकाला घालाल का, असं मलाच सुनावलं. वजन किती उतरवायचंय हे विचारलंच नाही. विचारलं, कुठवर चालत जायचंय? माझ्या तोंडून पटकन निघालं, ताईकडे. आणि ताई, मला तिथेच रडू आलं.

मग त्यांनी माझ्या दुकानातूनच व्यायाम बेतला. कात्री आतल्या खोलीत ठेवायची म्हणजे दर वेळी उठावं लागतं, शेजारच्या जिन्याच्या दर आठवड्याला चार पायऱ्या वाढवायच्या, आणि गिऱ्हाईक आलं की हात न टेकता स्टुलावरून उठायचं. लोकांना वाटलं, मी त्यांचा मान राखतोय! एक निवृत्त मास्तर इतके भारावले की आता रोज नवं बटण तुटून येतं. (दोरा दातांनी तोडलेला असतो, मला कळतं.) तेही खूश, माझ्या मांड्याही खूश. वजन चारच किलो उतरलंय, पण बाई म्हणतात, दम वाढला तो खरा. परवा पँटची कंबर आत घ्यायला बसलो, तर हातच धजेना. इतकी वर्षं फक्त उसवायचीच सवय.

तुझी फार आठवण येते. तब्येत जप.

तुझा,
भाऊ

ता. क. : तिसऱ्या मजल्यावर कुणाची खुर्ची मिळेल का? प्लॅस्टिकची नको.

आणखी एक ता. क. : या पत्राला पाकीट नाही, तिकीट नाही, मापाच्या वहीचं पान आहे, हे तू पाहिलंच असशील. मी तुझ्याच जिन्यात, दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसून लिहितोय. भाजी घेऊन वर निघालेल्या तुझ्या शेजारीणबाईंच्या हाती देतोय. मला उठवायला कुणाला धाडू नकोस, हात न टेकता उठणार आहे. वेळ लागेल. तू फक्त दार उघडं ठेव, आणि वॉकर सोडून धावत येऊ नकोस.