वरचा मजला, टाइपरायटर आणि दोन काने

मृत्युपत्र लिहून ठेवणार: मी, वय सत्तेचाळीस, धंदा टायपिंग, कोर्टाच्या फाटकासमोर शिक्केवाल्यांच्या दुकानाला लागून असलेली टपरी, राहणार आईवडिलांच्या घरी, वरचा मजला. कागदोपत्री नाव ओळखपत्रावर आहे. गिऱ्हाइके आणि शेजारी मला टकटकबाई म्हणतात, आणि त्या हाकेला मी लवकर वळते.

मी असे जाहीर करते की माझी तब्येत ठणठणीत आहे, हे मृत्युपत्र मी कुणाच्या धाकाने किंवा कुणाच्या भरीला पडून करत नाही, आणि माझे डोके ठिकाणावर आहे. या शेवटच्या मुद्द्यावर घरात मतभेद असल्याने डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. त्यांनी नाडी पाहिली आणि म्हणाले, ‘ठोके जरा जलद पडताहेत.’

‘सोमवारी लग्न आहे,’ मी म्हणाले.

‘कुणाचं?’

‘माझं.’

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि ‘मन शाबूत, मनःस्थिती उत्तम’ असे लिहून दिले. उत्तम हा शब्द त्यांनी आपणहून घातला.

मृत्युपत्राचे कारण असे. माझे लग्न टाइपरायटर दुरुस्त करणाऱ्या मशीनवाल्यांशी ठरले आहे. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या थोरल्या भावाला, म्हणजे दादाला, ते मान्य नाही. त्याच्या मते मशीनवाले माझ्याशी नाही, वरच्या मजल्याशी लग्न करत आहेत. असे तो मला म्हणाला नाही, वहिनीला म्हणाला, पण जिन्यात उभे राहून म्हणाला. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही आणि सोमवारी येणार का, हेही सांगत नाही. म्हणून काय कुणाचे, ते आधीच लिहून ठेवते.

आजवर मी इतरांची इतकी मृत्युपत्रे टाइप केली आहेत की ‘माझ्या पश्चात’ हे शब्द बोटे आपोआप मारतात. लोक सांगताना रडत. एका आजोबांनी तीन सुनांना मिळून एक गळकी बादली ठेवली होती आणि ती कुठे गळते, तेही लिहायला लावले होते. मला मात्र सकाळपासून हसू फुटते आहे. मध्येच कुठे फुल्या दिसल्या तर तिथे हसताना बोट घसरले असे समजावे. टाइपरायटरवर चूक पुसता येत नाही. तिच्यावर फुल्या माराव्या लागतात आणि फुल्यांच्या मागून ती डोकावत राहते. समोरच्या संगणकवाल्याकडे चुका नाहीशा होतात. मला ते जरा उद्धट वाटते.

कलम १. माझा काळा टेलिफोन, लांब गुंडाळीच्या वायरीसकट, वहिनीस द्यावा.

त्याची लाइन केव्हाच बंद झाली आहे, पण उपयोग गेलेला नाही. मागे वहिनीचे तिच्या बहिणीशी वाजले. तिने रागाने मोबाइल आपटायला वर उचलला, मग त्याचे हप्ते आठवले आणि अलगद उशीवर ठेवला. त्यानंतर ती धापा टाकत माझ्याकडे वर आली.

‘अगं, तुझा तो काळा दे जरा.’

‘वहिनी, तो मेलाय.’

‘मला कुठे त्याच्याशी बोलायचंय?’

तिने रिसीव्हर उचलला, बहिणीला जे सुनवायचे राहिले होते ते सगळे मोकळेपणाने सुनावले आणि असा आपटला की खालून वहिनीच्या मुलीने विचारले, काय पडलं? वहिनी उतरताना जिन्यात चक्क गुणगुणत होती. काचेवर बोट टेकवून फोन बंद करण्यात कसले आले आहे समाधान? तिने फोन टेबलावरच ठेवावा, शोभेच्या कपाटात नाही.

कलम २. कार्बन पेपरचे न फोडलेले खोके दादाच्या मुलीस, म्हणजे माझ्या वकील भाचीस द्यावे.

तिच्या प्रत्येक ईमेलवर ‘सीसी’ असे लिहिलेले असते. ते काय, असे विचारले तर म्हणाली, ‘आत्या, असंच असतं ते.’ असंच नसते, बाळा, सीसी म्हणजे कार्बन कॉपी. ती ही निळी शाई आहे, जी दुपारपर्यंत बोटांना, संध्याकाळपर्यंत नाकाला आणि घरी गेल्यावर टॉवेलला लागते. एका दणक्यात मूळ कागद आणि खाली तीन प्रती. सगळ्यात खालची इतकी फिकट की ती नेहमी नावडत्या नातेवाइकाला द्यायची. हे शास्त्र वकिलीच्या कॉलेजात शिकवत नाहीत.

कलम ३. दगडी पेपरवेट समोरच्या संगणकवाल्यास द्यावा. त्याच्या दुकानात वाऱ्याने उडेल असे काही उरलेले नाही, याची मला कीव येते. तो मला म्हणाला होता, ‘बाई, तुमचं मशीन संग्रहालयाला द्या.’ त्याच आठवड्यात वीज गेली आणि त्याने आपली गिऱ्हाइके एकेक करून माझ्याकडे पाठवली. शिवाय स्वतःही आला, माझा चहा प्यायला आणि म्हणाला, ‘याला चार्जिंग कुठून करता?’ मी बोटे वर करून दाखवली. त्याच्यावर माझा राग नाही. थोडासा आहे, तो पेपरवेटमध्ये धरावा.

कलम ४. टाइपरायटर.

हा दादाने आणला. मी परीक्षेत नापास होऊन भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्याला पहिली नोकरी लागली होती. तो जुन्या बाजारातून हे धूड खांद्यावर घेऊन जिना चढला आणि ते टेबलावर ठेवून म्हणाला, ‘ऊठ. रडायचं असेल तर यावर रड. निदान वेग वाढेल.’ वेग वाढला. पुढे वर्षानुवर्षे मी ते रिक्षाने टपरीवर नेत-आणत राहिले; सकाळ-संध्याकाळ मी वर टाइप करायची आणि तो खाली त्या आवाजात पेपर वाचायचा. आवाज थांबला की छत्रीच्या दांड्याने छत ठोकायचा, ‘झोपलीस की काय?’ लग्नाचे कळल्यापासून तो ठोकत नाही. मी मुद्दाम थांबून पाहते.

मशीनवाले सुरुवातीला हंगाम बदलला की तेल घालायला येत. मग महिन्याला, मग आठवड्याला. शेजारचे शिक्केवाले म्हणाले, ‘बाई, एवढं तेल आगगाडीच्या इंजिनालाही लागत नाही.’ पण कान्याची कळ खरोखरच अडकायची, आणि या यंत्रावर काना म्हणजे घरातला कर्ता माणूस. भ, ध, श ही अक्षरे अर्धी उमटतात आणि काना मारला की पुरी होतात. काना रुसला तर भाऊसुद्धा अर्धाच उमटतो.

तर एका दुपारी त्यांनी कळ दुरुस्त करून कागद चढवला, एक ओळ मारली, कागद माझ्याकडे सरकवला आणि मान खाली घालून पाने-पकडी आवरू लागले. ओळ अशी होती:

लग्न करयचं क

दुरुस्तीनंतर चाचणी म्हणून ते मनाला येईल ते टाइप करत. आदल्या खेपेस ‘आज हवा बरी आहे’ असे मारले होते. मी लाल पेन्सिल घेतली, दोन जागी खुणा केल्या आणि कागद परत दिला.

‘दोन काने राहिलेत. कळ अजून अडकतेय.’

त्यांनी हातातली पकड खाली ठेवली. मग म्हणाले, ‘घालू का?’

‘घाला की. त्याशिवाय पुरं कसं होणार?’

‘नक्की?’

‘अहो, नक्की काय विचारता? हे कधीच व्हायला हवं होतं.’

ते हत्यारांची पिशवी तिथेच विसरून गेले. मला वाटले, उन्हाने असेल.

दुसऱ्या दिवशी शिक्केवाल्यांनी ‘अभिनंदन’ असा शिक्का बनवून माझ्या टेबलावर आपटला, तेव्हा ती ओळ मला काने घालून ऐकू आली. कानशिले तापली. मी टपरी उघडी टाकून, गैरसमज झाला असे सांगायला त्यांच्या दुकानाकडे निघाले आणि अर्ध्या वाटेत लक्षात आले की मी जवळजवळ पळते आहे. नाही म्हणायला कुणी पळत जात नाही. मी पोचले तेव्हा धाप लागली होती. ते म्हणाले, ‘पाणी घ्या आधी.’ मी पाणी घेतले आणि पिशवी परत दिली. बाकी काही सांगायचे राहिले नाही.

सदर टाइपरायटर माझ्या पश्चात मशीनवाल्यांस द्यावा. त्यांनी त्याला तेल घालावे आणि रोज एक ओळ मारावी. कुठलीही चालेल. तपासायला मी नसेन, तेव्हा चुकांची भीती बाळगू नये.

कलम ५. आईवडिलांनी माझ्या नावे ठेवलेला वरचा मजला.

दादाचे म्हणणे मी मशीनवाल्यांना सांगितले. ते चिडले नाहीत. म्हणाले, ‘मग देऊन टाका त्यांना. तुम्ही माझ्या खोलीवर या.’ आम्ही जाऊन मापे घेतली. त्या खोलीत एक तर मी मावते, नाहीतर टाइपरायटरचे टेबल. त्यामुळे राहायला तेच वर येणार आहेत. पण नावावर काही नको, असे त्यांनी दोनदा बजावले. सबब मी टाइप केले की वरचा मजला माझ्या पश्चात माझ्या थोरल्या भावास मिळावा, आणि शेवटी साक्षीदार म्हणून शिक्केवाले व दादा यांची नावे घातली. भाचीने कागद वाचला आणि कपाळावर हात मारला.

‘आत्या, बाबांना साक्षीदार कसं करतेस? ज्याला मिळतं त्याने साक्ष घालायची नसते. सगळ्या कोर्टाला तूच हे सांगत असतेस ना?’

सांगत असते. पण आजवर कुठल्याही कागदावर माझी बाजू मांडायला कुणी लागले की मी दादाचेच नाव घालत आले, तसे बोटांनी याही वेळी घातले. त्यावर फुल्या मारायला मी बसले आणि मला ते होईना. म्हणून ते नाव तसेच ठेवून पुढीलप्रमाणे तजवीज करते.

दादाने साक्षीदार म्हणून सही केली नाही, तर मजला त्याचा. त्याच्या जागी फाटकावरचे चहावाले सही करतील. दादाने सही केली, तर त्याला या कागदाने काहीही मिळणार नाही. मशीनवाल्यांनी नको म्हटले तरी हयात असेपर्यंत तेच वर राहतील आणि नंतर मजला भाचीचा होईल.

दादा, मजला तू घेतलास तरी माझा राग नाही. घर आईवडिलांचे आहे, तुझा जीव त्यात आहे, मला माहीत आहे. मृत्युपत्रात इच्छा लिहायची असते, आर्जव लिहायचे नसते, म्हणून आर्जव करत नाही. इच्छा लिहिते: सोमवारी तू यावेस. मजल्याचे तू काहीही ठरवलेस तरी यावेस.

कलम ६. मी गेल्यावर कुणीही मोबाइलवर हात जोडल्याचे चित्र पुढे ढकलू नये. ज्याला दुःख होईल त्याने कागदावर एक ओळ लिहून पोस्टाच्या पेटीत टाकावी, पेटी सापडली तर. शोधण्यात तेवढाच वेळ बरा जाईल.

वरील मजकूर मी स्वतः टाइप केला आणि स्वतः तपासला. कागद आज सकाळी दादाच्या पेपराच्या घडीत ठेवला. वाचून झाल्यावर ज्याला साक्ष घालायची असेल त्याने वर यावे, सही मी त्याच्यासमोर करीन.

स्थळ: वरचा मजला, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: लग्नाआधीचा शुक्रवार
लिहून ठेवणार: (सही) टकटकबाई

साक्षीदार १: शिक्केवाले (सही, आणि कुणी न सांगता चार शिक्के)

साक्षीदार २: थोरला भाऊ (सही)

[साक्षीदार क्रमांक २ यांच्या हस्ताक्षरात] सर्व मजकूर वाचला. सही तिने माझ्यासमोर केली. मजला नको. सोमवारच्या लग्नाच्या नोंदणीलाही साक्षीदार लागतात असे मुलीकडून कळले. ती जागा दुसऱ्या कुणाला देऊ नये.