पांढरा तो ढग

२ जानेवारी, सकाळ
संकल्प: पावसासाठी रोज प्रार्थना. सॅटेलाइटचा फोटो रोज एकदाच. दिवसभर फोन चोळत बसण्याइतका डेटा फुकट येत नाही. लायब्ररीतल्या मुलीने शिकवलंय: तपकिरी ती धूळ, करडा तो धूर, पांढरा तो ढग. भूगोलात माझा दुसरा नंबर असायचा, हे तिला सांगितलं. नुसती हसली.

नवरा, क्लाइव्ह, वणवा विझवायला आगीच्या बंबावर गेला तो अजून तिकडेच. जाताना बजावून गेलाय: पन्हळीच्या पाइपांत टेनिसचे चेंडू कोंबलेत, ते काढायचे नाहीत. पन्हळ पाण्याने भरलेली हवी, ठिणगी पडली तर तिथेच विझते. अजून एक: फायर ब्रिगेडने जा म्हटलं की शेजारच्या ट्रँटरबाईंना गाडीत घालून निघायचं.

५ जानेवारी
उत्तरेच्या डोंगरामागचा धूर सरळ समुद्राकडे चाललाय. आपण दक्षिणेला. काळजी नाही.
ट्रँटरबाईंना कुंपणावरून सांगितलं. ऐंशीच्या पुढे वय, छातीचा दमा, गाडी केव्हाच विकलेली. सिडनीहून मुलगी लॉरेन रोज फोन करते, आई, नीघ म्हणून. बाई म्हणाल्या, “तिला टीव्ही कळतो, तुला आकाश कळतं. तू निघालीस की मी निघेन, मर्ना.”
प्रार्थनेत त्यांचं नाव घातलं.

८ जानेवारी
पश्चिमेकडून तपकिरी पट्टा. वाळत घातलेल्या चादरी मातीत गेल्या. पुन्हा धुणार नाही, टाकी तळाला गेलीये.
फोटोवरचे आगीचे लाल ठिपके बंद केले. उगाच घाबरवतात, शिवाय डेटा खातात.
ब्रिगेडची नोरीन येऊन गेली. आमच्या रस्त्यावरच्या सगळ्यांनी प्रदर्शनाच्या मैदानावर आसऱ्याला जावं म्हणे. मी सॅटेलाइट बघते, म्हटलं. तर म्हणते, “फोटो सकाळचा असतो, बाई. आग दुपारची असते.” माझाच चहा पिऊन मलाच शिकवते.
ट्रँटरबाईंनी बॅग भरून व्हरांड्यात ठेवली.

१० जानेवारी, दुपार
देवाने ऐकलं! डोंगरामागे ढग. शुभ्र, फुलकोबीसारखा, तासाभरात दुप्पट. (आज फोटो दोनदा बघितला. अपवाद.)
क्लाइव्हचा फोन लागत नाही. निर्णय मलाच घेणं भाग. पाइप बंद राहिले तर पाऊस पन्हळीवरून मातीत जाणार. शिडी लावून चेंडू काढले. पन्हळीतलं पाणीही टाकीत उतरलं. थेंब वाया गेला नाही.
ट्रँटरबाईंची बॅग मीच आत नेऊन ठेवली. त्यांनी जिरेनियमच्या कुंड्या अंगणात काढल्या, भिजू देत म्हणून.

त्याच दिवशी, पाच वाजता
गडगडाट. दोघींनी व्हरांड्यात स्तोत्र म्हटलं. विजा पडतायत, अंधारून आलंय.
छपरावर टपटप सुरू झालं. बघायला गेले. जळकी पानं.

१३ जानेवारी, मैदानावरचा हॉल
क्लाइव्ह आला. तो ढग आगीचाच होता म्हणाला. आग स्वतःचा ढग करते. त्यातून वीज पडते, पाणी नाही.
घर गेलं. ठिणग्या कोरड्या पन्हळीत साचल्या. टाकी उभी आहे.
त्याने चेंडूंचं विचारलं. गाडीत आहेत, म्हटलं, सगळे आणलेत. तो उठून बाहेर जाऊन बसला.
त्या संध्याकाळी निघताना ट्रँटरबाई बॅग घ्यायला आत वळल्या होत्या. मी गाडी चालू करत होते. नोरीनच्या माणसांनी त्यांना उचलून आणलं. आता हॉस्पिटलात, ऑक्सिजनच्या नळीवर.
संकल्प: रोज भेटायला जायचं.

१५ जानेवारी
गेले नाही. लॉरेन आलीये.

२१ जानेवारी
ट्रँटरबाईंना पुरलं. पाद्री बोलत असतानाच पाऊस आला. मोठा, खरा.
म्हणजे माझं चुकलं नव्हतं, जरा लवकर झालं इतकंच. हे लॉरेनला सांगायला गेले. तिने छत्री उघडली आणि चालू लागली.
हॉलवर येऊन फोटो उघडला. समुद्रापर्यंत सगळं पांढरं. यातलं पावसाचं काय, आगीचं काय, मला ओळखता येईना.
कोणी विचारलंही नाही.